मिड-सेंच्युरी मॉडर्न घराचं पुढचं अंगण: झाडांआधी रेषा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर १९५८ सालचं, मिड-सेंच्युरी मॉडर्न म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यातल्या आधुनिक शैलीचं; बसकं, जवळजवळ सपाट छपराचं. वळचण चांगली ३ फूट पुढे आलेली, रस्त्याच्या बाजूला विटांची लांब भिंत, छपराखाली उंचावर काचेची अरुंद पट्टी, एका कडेला कारपोर्ट, म्हणजे मोटारीसाठी भिंतींविना नुसतं छप्पर. आधीच्या मालकांनी भिंतीला चिकटून गोल कापलेली झुडपं लावलेली, समोर हिरवळ आणि तिच्यातून दारापर्यंत जाणारी नागमोडी पायवाट. घर तुम्हाला मनापासून आवडतं, पण अंगण दुसऱ्याच कुठल्या घराचं वाटतं; तर इथे कुठली झाडं लावावीत?

झाडांवर मी येईन, पण बऱ्याच उशिरा. वीस-बावीस वर्षं या काळातल्या घरांची अंगणं आखते आहे आणि जी फसलेली पाहिली, त्यांतली बहुतेक झाडांच्या यादीपासून सुरू झालेली होती. अशा घराचं सौंदर्य त्याच्या आडव्या रेषांत असतं. त्या रेषा भिंतीपाशी संपू न देता जमिनीवरून रस्त्यापर्यंत आणायच्या, हे खरं काम. ते जमलं की अगदी साधी झाडंसुद्धा शोभतात.

सुरुवात कागदावर करा. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून घराचा समोरून एक सरळ फोटो काढा आणि मोठा छापून घ्या. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि झुडपं वगळून फक्त घराच्या रेषा गिरवा. आधी आडव्या: छपराची कड, उंचावरच्या काचेची खालची कड, जोत्याची रेषा. मग उभ्या: खांब, दाराची चौकट, काचांमधल्या पट्ट्या. हे करताना बहुतेकांच्या एक गोष्ट पहिल्यांदा लक्षात येते, ती म्हणजे खांब ठरावीक अंतरावर आहेत. खांब आणि तुळया यांवर उभ्या केलेल्या या घरांत ते अंतर सहसा एकसारखं असतं. टेप घेऊन मोजा. समजा ८ फूट निघालं, तर तेच तुमच्या अंगणाचं माप. पायवाटेच्या फरशा ४ किंवा ८ फुटांच्या, वाफे ८ किंवा १६ फुटांचे, आडोशाची भिंत एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. पाहणाऱ्याला हे हिशेब कळणार नाहीत, पण सगळं जागच्या जागी असल्यासारखं वाटेल.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. डॅन कायली, गॅरेट एक्बो आणि जेम्स रोझ हे तिघं अमेरिकन उद्यानरचनाकार १९३० च्या दशकात हार्वर्डमध्ये शिकत होते, तेव्हा तिथे बागकामाचं जुनं, सममितीचं, शोभेचं व्याकरण शिकवलं जाई. तिघांनीही ते नाकारलं. बाग म्हणजे राहायची जागा, खोलीसारखीच, फक्त वर छप्पर नाही, असं ते मानू लागले. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी वास्तुरचनाकार एरो सारिनेनने मिलर कुटुंबासाठी घर बांधलं, ते १९५७ साली पूर्ण झालं. त्याची बाग कायलीने केली. घराच्या आत जी चौकटीची शिस्त आहे तीच त्याने बाहेर झाडांच्या रांगांमध्ये आणि कुंपणाच्या तुटक, मागेपुढे सरकवलेल्या पट्ट्यांमध्ये चालू ठेवली. कुठे घर संपलं आणि कुठे बाग सुरू झाली, हे बोट ठेवून दाखवता येत नाही. तुमचं अंगण त्या मानाने लहान असेल, पण रीत तीच.

मग वक्ररेषा वर्ज्य का? अजिबात नाही. त्याच काळातला उद्यानरचनाकार टॉमस चर्च याने कॅलिफोर्नियातल्या सोनोमामध्ये केलेली डॉनेल बाग १९४८ ची. तिथला पोहण्याचा तलाव सगळा वळणांचा आहे, दूर खाली दिसणाऱ्या खाडीच्या दलदलीतल्या ओढ्यांची वळणं त्यात उतरली आहेत. पण त्या तलावाशेजारी चौकोनी फळ्यांचा कडक डेक आहे, आणि आधीपासून उभे असलेले ओक त्या डेकमधून वर आले आहेत. वळण एकच, मोठं, ठाम; आणि त्याच्या शेजारी सरळ रेषा. तुमच्या पायवाटेचं तसं नाही. ती उगाच डावीकडे-उजवीकडे वळते, वळायला तिथे झाडही नाही आणि उंचवटाही नाही. ती काढावीच लागेल.

आता भिंतीलगतची झुडपं. ती तिथे का आली हे समजून घेतलं तर काढताना हात थरथरणार नाही. त्याआधीच्या काळातल्या घरांना उंच जोतं असे. खाली तळघर, वर चार-पाच पायऱ्या, आणि त्या जोत्याचा ओबडधोबड दगड झाकायला भिंतीलगत झुडपं लावायची पद्धत पडली. तुमचं घर काँक्रीटच्या स्लॅबवर थेट जमिनीलगत बसलं आहे. झाकण्यासारखं तिथे काहीच नाही. उलट विटांची भिंत जमिनीला भिडते ती स्वच्छ रेषा हा या घराचा सगळ्यांत देखणा भाग, आणि नेमका तोच झुडपांआड गेला आहे. सगळी झुडपं काढा. आठ-दहा दिवस अंगण उघडंबोडकं दिसेल. तेवढ्यात घाबरून काही लावू नका. त्या मोकळ्या भिंतीकडे सकाळी, दुपारी, संध्याकाळी बघा. तिच्यावर ऊन कसं सरकतं ते बघितलंत की पुढचे निम्मे निर्णय सोपे होतात.

झुडपं काढल्यावर मातीची पातळी तपासा. वर्षानुवर्षं पालापाचोळा आणि खत पडून माती वर चढलेली असते. भिंतीवर लाकडी फळ्या असतील तर त्यांच्या खाली निदान ६ इंच जागा मोकळी हवी, नाहीतर ओल आणि वाळवी लाकडात शिरते. जमिनीचा ढाळ घरापासून दूर हवा: मातीला पहिल्या १० फुटांत ६ इंच, आणि फरशीला दर फुटाला पाव इंच. सपाट दिसणाऱ्या अंगणात हा ढाळ डोळ्यांना कळत नाही, पण पाण्याला कळतो.

वळचणीखालची जागा हा स्वतंत्र विषय आहे. ३ फूट पुढे आलेल्या छपराखाली पाऊस पोचतच नाही, तिथे लावलेलं झाड भर पावसाळ्यातही तहानलेलं राहतं. आणि छपराच्या कडेला पन्हळ नसेल तर बरोबर तिथे पागोळ्या पडून मातीत चर पडतो, चिखल भिंतीवर उडतो. म्हणून मी वळचणीखाली काहीच लावत नाही. भिंतीपासून पागोळ्यांच्या रेषेच्या फूटभर पुढपर्यंत नदीच्या गोट्यांची पट्टी करते, कडेला पोलादाची पातळ पट्टी. मुठीएवढे, एकाच रंगाचे गोटे. भिंत कोरडी राहते, चिखल उडत नाही, आणि छपराची रेषा जशीच्या तशी जमिनीवर उतरते. छपराचं पाणी एखाद्या ठिकाणाहूनच खाली येत असेल तर तिथे पत्र्याच्या नळीऐवजी साखळी सोडा आणि खाली गोट्यांचं खोलगट कुंड करून ते पाणी झाडाच्या आळ्याकडे वळवा.

पायवाट हा माझ्या मते अंगणातला सगळ्यांत महत्त्वाचा खर्च. या घरांचं दार पुष्कळदा समोर दिसत नाही, भिंतीच्या आड किंवा कारपोर्टच्या बाजूने असतं. त्यामुळे पाहुण्याला दार कुठे आहे हे पायवाटेनेच सांगायचं असतं. ती रुंद हवी. दोन माणसं बोलत शेजारी शेजारी चालू शकतील अशी ५ फुटांची. ३ फुटांच्या वाटेवर एकाला मागे राहावं लागतं, आणि घरासमोर ती सुतळीसारखी दिसते. सरळ नाक धरून दारापर्यंत नेण्यापेक्षा भिंतीला समांतर काही अंतर चालवून मग काटकोनात वळवा. त्या चालण्यात घराची लांबी अनुभवाला येते.

साहित्य म्हणाल तर काँक्रीट. १९५० च्या दशकात वरचा सिमेंटचा थर धुऊन आतली खडी उघडी करण्याची पद्धत खूप चालली होती, ती आजही या घरांना सगळ्यांत जवळची वाटते. पाय घसरत नाही, डागही लवकर दिसत नाहीत. ४ इंच जाडीचं काँक्रीट ८-१० फुटांपेक्षा लांब सलग ओतलं तर तडा त्याच्या मनाने जातो, म्हणून सांधे द्यावेच लागतात. मग ते सांधे खांबांच्या रेषेवरच का देऊ नयेत? गवंड्याला सांध्याचं माप द्या, ‘बसेल तसं’ म्हणू नका. कॅलिफोर्नियात अशा सांध्यांत रेडवूड या लाकडाच्या पट्ट्या घालत. मी बहुधा ३-४ इंचांची फट ठेवून त्यात बारीक खडी भरते. फटीत गवतासारखं काही लावायचं असेल तर तिथे पाणी आणि ऊन दोन्ही पोचतं ना, हे आधी बघा, कारण अर्धवट मेलेल्या हिरव्या फटींपेक्षा खडी शतपटीने बरी. फरशांमध्ये अंतर सोडून टप्प्याटप्प्याची वाट करायची असेल तर एका फरशीच्या मध्यापासून पुढच्या फरशीच्या मध्यापर्यंत सुमारे २४ इंच धरा आणि घरातल्या सगळ्यांना चालवून पाहा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं अडखळली तर तुमचं माप चुकलं आहे.

आडोशाबद्दल. जाळीच्या ब्लॉकची, म्हणजे आरपार नक्षीदार भोकं असलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची भिंत या काळाची खूण आहे आणि ती मला अतिशय आवडते. आतून रस्ता दिसत राहतो, बाहेरून घरातलं दिसत नाही, आणि दुपारी तिची सावली फरशीवर जे नक्षीकाम करते त्याला तोड नाही. पण ती अंगणभर फिरवली की कुंपण होते. एक किंवा दोन खांबांच्या अंतराएवढीच भिंत घ्या, घराला समांतर, दाराच्या थोडी पुढे, छपराच्या कडेपेक्षा निश्चितपणे खाली. पोकळ ब्लॉकची भिंत वाऱ्याला तोंड देते, तेव्हा पाया आणि आतली सळई यांत काटकसर नको. पुढच्या अंगणातल्या भिंतीच्या उंचीवर पुष्कळ ठिकाणी मर्यादा असतात, त्या नकाशा काढण्याआधी विचारून घ्या.

आणि आता झाडं.

सुरुवातीच्या वर्षांत मी एका बसक्या, लांब घरासमोर तीन उंच सरू लावले होते. कागदावर फार सुंदर दिसत होते: आडव्या घराला उभा छेद. चौथ्या वर्षी ते छपराच्या दीडपट झाले आणि घर त्यांच्यामागे दबून गेलं. आधी रुबाबदार वाटणारं घर बुटकं दिसायला लागलं. मालकीणबाईंनी तक्रार केली नाही, पण मला ते बघवेना. मी तिघांनाही काढलं आणि त्या जागी पसरट माथ्याचं, बहुखोडी असं एकच झाड एका बाजूला लावलं. तेव्हापासूनचा माझा नियम असा: छपराच्या वर जाणाऱ्या झाडाचा माथा छत्रीसारखा आडवा पसरणारा हवा, आणि सुळक्यासारखं वाढणारं काही असेल तर ते छपराच्या खालीच राहायला हवं.

एकच मोठं झाड घ्या, आणि ते मध्यावर नको. घराच्या लांबीचे तीन भाग कल्पून एका टोकाकडच्या भागात, कारपोर्टच्या विरुद्ध बाजूला लावा. कारपोर्टची पोकळी एकीकडे आणि झाडाची पोकळ सावली दुसरीकडे, असा तोल साधतो. भिंतीपासून अंतर ठरवताना रोपाकडे बघू नका, पूर्ण वाढीला फांद्या किती पसरणार ते बघा. त्याच्या निम्म्याहून जरा जास्त अंतर सोडा, नाहीतर सपाट छपरावर पानं साचून पाण्याच्या वाटा बुजतात. उन्हाळी कोरड्या हवेत ऑलिव्ह, थंड आणि ओलसर हवेत जपानी मेपल, उष्ण हवेत क्रेप मर्टल, ही तिन्ही बहुखोडी वाढवता येतात आणि तिघांचीही खोडं पानांइतकीच देखणी असतात. तुमच्याकडचं एखादं स्थानिक झाड अशा बांध्याचं असेल तर ते या तिघांपेक्षा चांगलं. लहान रोप घ्या. मोठ्या कुंडीतलं महाग झाड मुळं धरायला वेळ लावतं आणि चार-पाच वर्षांत लहान रोप त्याला गाठतं.

अंगणात आधीचं एखादं मोठं झाड असेल तर त्याच्याभोवती सगळी आखणी वळवा. त्याच्या मुळांचं क्षेत्र ढोबळमानाने खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचं धरा: १ फूट व्यासाचं खोड असेल तर सगळीकडून १२ फूट. त्या वर्तुळात खणू नका, माती चढवू नका, सिमेंटची गाडी फिरवू नका. झाड लगेच मरत नाही, तीन-चार वर्षांनी शेंड्याकडून वाळत येतं आणि तेव्हा कारण कोणाच्या लक्षात राहिलेलं नसतं.

खालच्या झाडांबाबत एकच आग्रह: जाती कमी, संख्या जास्त. चार जाती पुरेत, फार तर पाच. एकेका जातीचे वीस-तीस नग एकत्र, एका काटकोनी पट्ट्यात. ब्राझीलचा उद्यानरचनाकार रॉबर्टो बुर्ले मार्क्स झाडांकडे चित्रकाराच्या नजरेने बघायचा, कारण तो चित्रकारही होता. त्याच्या बागांत एकेक जात रंगाच्या सपाट पट्ट्यासारखी पसरलेली असते. त्याचे पट्टे वळणांचे होते, तुमचे चौकोनी असतील, पण प्रत्येक जात एका रंगासारखी वापरायची ही गोष्ट त्याच्याकडून घ्यावी. गुडघ्याइतकं उंच गवत एका पट्ट्यात, घोट्याइतकं पसरणारं काही दुसऱ्यात, आणि दोन-तीन ठसठशीत आकाराची झाडं सुटी: अगावे, युक्का, किंवा ओलसर भागात रुंद पानांचं काही. रोपवाटिकेत गेल्यावर प्रत्येकी एकेक उचलण्याचा मोह होतो. तो आवरा. या घरासमोर एकेकटी दहा झाडं म्हणजे दहा वेगळे आवाज.

अगावेच्या बाबतीत सावध राहा. हातात मावणारं रोप ६ फूट रुंद होतं, आणि पानांची टोकं सुईसारखी असतात. वाटेपासून, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब ठेवा. त्या काळातली म्हणून पॅम्पास गवत आणि इंग्लिश आयव्हीही सुचवली जातात. दोन्ही पुष्कळ ठिकाणी बागेबाहेर पळून रानं गिळतात, लावू नका. फिट्झर ज्युनिपर हे पसरट, सदाहरित झुडूप. तो तर त्या वर्षांत दारोदार लावला गेला. एखादा जुना तुमच्याकडे असेल आणि आतून वाळलेला नसेल, तर गोल कापण्याऐवजी खालच्या फांद्या काढून त्याचं वाकडंतिकडं खोड मोकळं करा. टाकून द्यायच्या झुडपातून असं शिल्प निघालेलं मी अनेकदा पाहिलं आहे.

हिरवळ ठेवू की नको, असं तुम्ही वेगळं विचारलंय. पाणी पुरत असेल आणि कोणी तिच्यावर बसत-खेळत असेल तर ठेवा, त्या काळाच्या घरांना ती परकी नाही. पण तिचा आकार एका चटईसारखा, चारही कडा सरळ आणि घराच्या मापातल्या. नसेल तर सबंध जागा खडीने भरू नका. ती उन्हात तापते, उष्णता काचेवर परत फेकते, आणि दुसऱ्या वर्षापासून तिच्यात तण उगवतं. खडी एका-दोन पट्ट्यांपुरती ठेवा, चालायच्या जागी कोनदार १० मिलिमीटरची. गोल खडे पायाखाली सरकतात.

दिव्यांना फार विचार लागत नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंना खुंट्यांसारखे दिवे लावू नका. एक दिवा मोठ्या झाडाच्या खोडावर खालून, एक विटांच्या भिंतीवर कडेने, वळचणीखाली एखादा, सगळे २७०० केल्विनचे उबदार. काचेतून येणारा घरातला उजेड उरलेलं काम करतो. घराचा क्रमांक मोठ्या, साध्या अंकांत, जाळीच्या भिंतीवर.

क्रम मात्र पाळा: पाण्याचा ढाळ, मग पायवाट आणि भिंत, मग मोठं झाड, शेवटी खालची झाडं. पैसे एकदम नसतील तर पहिल्या वर्षी पायवाट आणि झाड एवढंच करा, उरलेल्या जागेवर लाकडाचा भुगा पसरून ठेवा. आणि काँक्रीट ओतण्याआधी सगळी आखणी फक्कीने जमिनीवर काढून आठवडाभर तशीच राहू द्या. मोटार आत-बाहेर करून पाहा, दोन्ही हातांत सामान घेऊन दारापर्यंत चाला, घरात बसून उंचावरच्या त्या काचेतून काय दिसतं ते पाहा. त्या काचेतून खालचं अंगण दिसणार नाही, मोठ्या झाडाचा माथा मात्र दिसेल. दिवाणखान्यात तुम्ही नेहमी जिथे बसता, तिथून तो दिसतो की नाही हे एकाने बाहेर उंच काठी धरून आणि दुसऱ्याने आत बसून ठरवा, आणि खुंटी तिथेच ठोका.